तीस मिलिमीटरचं प्रकरण

काम लहान होतं. सांगलीजवळच्या एका गावात बांधायच्या घरात बेडरूमला लागून टॉयलेट होतं, १२०० मिलिमीटर रुंद आणि ३००० लांब. मालकांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर घेऊन चालतात आणि १२०० मध्ये वॉकर वळत नाही. म्हणून टॉयलेट १५०० करायचं आणि त्याचं ७५० चं दार ९०० करायचं. बेडरूम ३९०० × ३००० ची. तिच्यातले ३०० गेले तरी ३६०० × ३००० उरतात, म्हणजे १०.८ चौरस मीटर. नॅशनल बिल्डिंग कोड राहत्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंदी मागतो, त्यात आपण आरामात बसतो. मधली भिंत अर्ध्या विटेची, ११५ ची, तिच्यावर भार नाही. ती एक भिंत कागदावर ३०० उजवीकडे सरकवायची, एवढंच.

मी ते काम आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला दिलं. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स केलेली. हात स्वच्छ. कोरी फाइल आणि कच्चा स्केच दिला तर दुपारच्या जेवणापर्यंत अख्खा प्लॅन काढून देते, लेयर, म्हणजे ड्रॉइंगचे भिंती, खिडक्या, मापं असे वेगवेगळे थर, माझ्यापेक्षा नीट ठेवते. त्यामुळे अर्ध्या तासाचं काम म्हणून मी निर्धास्त होतो. ते काम शेवटी आठवडाभर पुरलं. चूक तिची होती का, हे पुढे येईलच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. ही फाइल नवी नव्हती. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातल्या घरासाठी केलेला प्लॅन या मालकांना आवडला, म्हणून तीच फाइल नव्या नावाने सेव्ह करून वापरायला घेतली होती. बहुतेक ऑफिसांत असंच चालतं. कोरा कागद वर्षातून चार वेळा समोर येतो, बाकी सगळा जुन्या फायलींचा संसार.

तिने पहिलं काय केलं, तर भिंतीच्या दोन्ही रेषा निवडल्या, दार निवडलं आणि ई दाबून एंटर मारायच्या बेतात होती. मी म्हटलं, "अगं, पुसतेस कशाला?"

"सर, परत काढते ना. पाच मिनिटांत होईल."

"मग मापं? लादीचा हॅच? आडव्या भिंतींची तोंडं? तेही परत काढणार?"

ती थांबली. मग म्हणाली, "सर, आम्हाला काढायला शिकवलं, बदलायला नाही." टोमणा नव्हता, खरंच सांगत होती. परीक्षेत रेखाचित्र देतात, मापं देतात, कोऱ्या शीटवर प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन काढा म्हणतात. दुसऱ्याने काढलेली, तिसऱ्याने बिघडवलेली फाइल कोणी समोर ठेवत नाही.

आमच्या वेळी उलटं होतं. शाई भरायची संधी मिळण्याआधी सहा महिने मी ट्रेसिंगवर फक्त दुरुस्त्या केल्या. अर्धं ब्लेड बोटांत धरून शाईची रेघ खरवडायची, नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, मगच त्यावर नवी रेघ. जोर जास्त झाला की भोक. आणि कितीही हलक्या हाताने खरवडलं तरी अमोनिया प्रिंटवर तिथे फिकट डाग उमटायचाच. साईटवरचा जुना मिस्त्री तो डाग बघून विचारायचा, "हितं काय बदललं व्हय?" कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, खरवडल्याचा डाग पडत नाही. तेव्हा मला ही सोय वाटली होती.

तर तिला स्ट्रेच दाखवला, म्हणजे काढलेलं न पुसता ताणायची कमांड. स्ट्रेचमध्ये निवड हेच सगळं काम. उजवीकडून डावीकडे चौकट ओढली की तुटक कडेची हिरवी क्रॉसिंग खिडकी येते. तिच्या आत जी टोकं येतात ती सरकतात आणि बाहेरची टोकं जागची हलत नाहीत. रेघेचं एक टोक आत असेल तर रेघ लांब किंवा आखूड होते. दोन्ही आत असतील तर पूर्ण रेघ सरकते. डावीकडून उजवीकडे ओढलेली निळी खिडकी इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात फक्त पूर्ण आत मावलेल्या वस्तू येतात आणि स्ट्रेचचा नुसता मूव्ह होतो. ब्लॉकचं, म्हणजे दार-खिडकीसारख्या एकगठ्ठा वस्तूचं, गणित वेगळं. तो ताणला जात नाही. त्याचा इन्सर्शन पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूला धरून तो ठेवलेला असतो तो, चौकटीत असला तर तो अख्खा सरकतो, नसला तर चौकटीने अर्धा कापला तरी ढिम्म हलत नाही.

हे तिला पाठ झालं, पण पाठ होणं म्हणजे समजणं नव्हे, हे तिच्या पहिल्या प्रिंटवर दिसलं.

टॉयलेटच्या मागच्या भिंतीत ६०० चा व्हेंटिलेटर होता, बरोबर मध्यावर. टॉयलेटच्या डाव्या कोपऱ्यातून मोजलं तर त्याचं भोक ३०० पासून ९०० पर्यंत. ब्लॉकचा इन्सर्शन पॉइंट त्याच्या मधोमध, म्हणजे ६०० वर. तिने चौकट ऐसपैस ओढली, उजवीकडून सुरू करून पार ८०० पर्यंत डावीकडे. झालं असं, की भोकाची उजवी कड चौकटीत आली आणि ९०० वरून १२०० वर गेली. व्हेंटिलेटर मात्र चौकटीत अर्धवट कापला गेला, इन्सर्शन पॉइंट बाहेर राहिला, म्हणून तो जागेवरच. भोक ९०० चं, व्हेंटिलेटर ६०० चा, आणि दोन्हींच्या मध्ये ३०० ची फट. स्क्रीनवर ती सहज नजरेतून सुटते. प्रिंटवर मी लाल पेनाने गोल केला आणि म्हटलं, "इथनं मांजर आत येईल."

ती हसली, कंट्रोल झेड मारला, चौकट लहान ओढली आणि पुन्हा केलं. या वेळी खिडक्यांचा लेयर लॉक करून. लॉक केलेल्या लेयरवरच्या वस्तू स्ट्रेचमध्ये हलत नाहीत, हे तिने स्वतःच शोधलं. लादीचा हॅच, म्हणजे फरशी दाखवणारा रेषांचा भराव, मात्र जुन्या रेषांपासून कधीच तुटलेला होता, तो १२०० चाच राहिला. काढून नवा भरला, विषय संपला.

मग दाराची पाळी आली, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. ७५० चं दार ९०० करायचं म्हणजे भिंतीतल्या भोकाची एक कड १५० ने सरकवायची आणि दुसरी जागेवर ठेवायची. म्हणजे व्हेंटिलेटरवर चुकून जे झालं तेच, या वेळी मुद्दाम. तिने भोकाच्या एका कडेभोवती छोटीशी चौकट ओढली, १५० दिलं, भोक ९०० झालं. जुन्या दाराचा ब्लॉक काढून ९०० चा टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मघाची चूकच आहे ही." मी मान हलवली. त्या क्षणी तिला स्ट्रेच आला.

आता मापांकडे. बेडरूमच्या मागच्या बाजूला बाहेर मापांची ओळ होती: २३०, १२००, ११५, ३९००, २३०, आणि तिच्या बाहेर एकूण ५६७५. भिंत सरकली तसं १२०० चं १५०० झालं आणि ११५ भिंतीबरोबर पुढे गेलं. ३९०० तसंच राहिलं. त्याच्या टेकणरेषा, म्हणजे मापाच्या दोन टोकांच्या रेषा, सरकल्या, दोन टोकांमधलं अंतर डोळ्यांना आखूड दिसत होतं, पण आकडा ३९००.

तिला वाटलं स्ट्रेच अर्धवट झाला. तिने यू दाबून मागे नेलं, परत केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने त्या आकड्यावर डबल क्लिक केलं आणि ३६०० टाइप केलं. मला विचारलं नाही. नंतर म्हणाली, आधीच दोनदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा कसं विचारू. ही भीड मला ओळखीची आहे. माझ्या पहिल्या साहेबांना मी आठ दिवस एक गोष्ट विचारली नव्हती, आणि त्यापायी एक जिना चौदा पायऱ्यांचा पंधरा केला होता.

प्रिंट माझ्याकडे आली. मी कॅल्क्युलेटर काढला: २३० अधिक १५०० अधिक ११५ अधिक ३६०० अधिक २३०, बरोबर ५६७५. बाहेरचं माप ५६७५. बेरीज जुळली. हिरवी टिक मारली, पीडीएफ मालकांना आणि कॅडची मूळ डीडब्ल्यूजी फाइल कॉलम-बीमचं डिझाइन करणाऱ्या आरसीसीवाल्या साहेबांना गेली.

चौथ्या दिवशी आरसीसीवाल्यांचा फोन. "तुमच्या प्लॅनवर बाहेरून बाहेर ५६७५ लिहिलंय. मी कॉलम बसवायला घेतले तर ५६४५ मोजतंय. कुठलं धरू?"

इथे ज्यांनी कॅडवर काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. कॅडच्या फायलीत एकाच भिंतीची दोन सत्यं असतात: एक रेषा, दुसरं तिच्यावरचा आकडा. साईटवरचा मिस्त्री रेषा मोजत नाही. ड्रॉइंगवर खाली छापलेलंच असतं, लिहिलेलं माप धरावं, कागदावरून पट्टीने मोजू नये. तो आकडा वाचतो आणि टेप लावतो. स्ट्रक्चरवाले मात्र फाइल उघडतात आणि रेषांच्या कोपऱ्यांवर कॉलम ठेवतात. ते आकडा वाचतही नाहीत. माप जिवंत असेल, म्हणजे सॉफ्टवेअर रेषा मोजून आकडा दाखवत असेल, तोवर दोघांना एकच घर दिसतं. आकडा कोणी हाताने टाइप केला की दोन घरं होतात. रेघ कितीही हलवा, टाइप केलेला आकडा हलत नाही. आणि ब्लेडचा डाग नसल्यामुळे, हे माप मोजलेलं आहे की लिहिलेलं, ते प्रिंटवर कळत नाही.

मुलीने ३६०० टाइप केलं ते एक. पण ते ३० मिलिमीटर कुठून आले? तिने तर फक्त ३०० हलवले होते. फाइल उघडली, ३९०० च्या जागी तिने लिहिलेलं ३६०० प्रॉपर्टीजमधून पुसलं, म्हणजे टेक्स्ट ओव्हरराइडची, मोजलेल्या आकड्याऐवजी हाताने लिहायची, जागा रिकामी केली. आकडा झाला ३५७०. मग ५६७५ ची तीच जागा रिकामी केली: ५६४५. बाहेरचं मापही टाइप केलेलंच होतं. म्हणजे मूळ बेडरूम कधीही ३९०० नव्हती, ३८७० होती. कोणीतरी आठ वर्षांपूर्वी एकाच ओळीतले दोन आकडे हाताने बदलून बेरीज जुळवून ठेवली होती. इतकी चोख, की पुढच्या माणसाची बेरीजही जुळली.

ते कोणीतरी म्हणजे मी.

मला ती संध्याकाळ आठवते. साईटवरून फोन आला होता, आखणी ३९०० ने झालीय, पाया खणलाय, कागद तसाच करून पाठवा. नीट करायचं तर उजवी बाहेरची भिंत ३० ने सरकवायची, तिच्यातली खिडकी, छज्जा, स्लॅबची कड, एलेव्हेशन, सेक्शन सगळं सोबत. टाइप करायचं तर वीस सेकंद. मी टाइप केलं आणि घरी गेलो. ते घर लोड बेअरिंगचं, म्हणजे भिंतींवरच भार पेलणारं होतं, आरसीसीचा माणूस त्यात नव्हताच. मिस्त्रीने आकडे वाचले, घर ५६७५ चं उभं राहिलं, सगळं ठीक. चूक फाइलमध्ये आठ वर्षं झोपून राहिली. नव्या घरावर पुढे पहिला मजला घ्यायचा म्हणून आरसीसी फ्रेम आली, आणि रेषा मोजणारा माणूस पहिल्यांदा त्या फाइलीपाशी पोचला. फोन न करता त्यांनी ५६४५ वर कॉलम बसवले असते तर मिस्त्रीने ५६७५ वर भिंत घेतली असती आणि भिंत कॉलमच्या बाहेर ३० ने फुगली असती. मग तिथे जाड प्लास्टर, आणि काही वर्षांनी नेमकी तिथेच चीर.

मी मुलीला हे सांगितलं. काही न बोलता ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग विचारलं, "मग सर, मी ३६०० टाइप केलं, तुम्हीही तेव्हा तेच केलेलं ना?" हो. तेच.

दुरुस्तीला बसलो तेव्हा क्रम महत्त्वाचा होता, हे लिहून ठेवतो. आधी रेषा सुधारायच्या नाहीत, आधी फाइलला खरं बोलायला लावायचं. क्विक सिलेक्टमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड हा गुणधर्म धरून, जिथे तो रिकामा नाही अशी सगळी मापं एकत्र निवडली. आधी रिकामी केलेली दोन धरून अकरा निघाली. सगळ्यांचं ओव्हरराइड पुसलं. आठ मापं आधी होती तीच राहिली, म्हणजे कोणीतरी उगाच टाइप केली होती. उरलेली तीन: माझी दोन, आणि स्वयंपाकघरातलं एक, ५ मिलिमीटरचं, ते कोणाचं माहीत नाही.

मग उजवी भिंत. सरळ चौकटीत ती नीट येत नव्हती, शेजारचा जिना मध्ये येत होता, म्हणून क्रॉसिंग पॉलिगॉनने वळणावळणाने निवडली. ३० उजवीकडे. या वेळी माउस मुलीच्या हातात होता, मी फक्त खिडकीचा इन्सर्शन पॉइंट आत आहे ना एवढं विचारलं. ३५७० चं ३६०० झालं आणि ५६४५ चं ५६७५, हाताने काही न लिहिता.

त्यानंतर आकड्यांपलीकडच्या गोष्टी. खोलीच्या नावाखालचं "३९०० × ३०००" हा साधा टेक्स्ट, तो कशालाच बांधलेला नसतो, आपण बदलेपर्यंत तो ३९०० च म्हणणार. क्षेत्रफळाचा तक्ता, दार-खिडक्यांचा तक्ता, सेक्शन. आणि इलेक्ट्रिकल शीट, जी आम्ही जवळजवळ विसरलो होतो. बेडरूम एका बाजूने ३०० लहान झाली म्हणजे तिचा मध्य १५० ने सरकला, आणि पंख्याचा बॉक्स स्लॅब ओतायच्या आधी बसतो. तो जुन्या मध्यावर राहिला असता तर पंखा जन्मभर तिरपा वाटला असता, आणि कोणालाच कळलं नसतं की का.

शेवटी जुनी आणि नवी फाइल कम्पेअरमध्ये घातली. ऑटोकॅड २०१९ पासून ही सोय आहे, दोन फायलींमधला फरक लाल-हिरव्या रंगात दिसतो, सारखं ते करड्यात. पण आकडा टाइप केल्याचं पाप तीही ओळखत नाही. दोन्ही फायलींत खोटं सारखंच असेल तर ते करडंच दिसतं. याआधी तपासलं असतं तर माझी ३० मिलिमीटर करड्यातच लपली असती.

इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड केलं, तेव्हा त्यात रेषा नुसत्या रेषा नव्हत्या, कोण कोणाला समांतर, कोण कोणाला जोडलेलं, ही नातीही साठवलेली होती, आणि मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलायच्या. आपले ब्लॉक त्याच घराण्यातले. साठ वर्षांनंतरही आमच्या टेबलावर प्रश्न तोच आहे: ही वस्तू कशाला बांधलेली आहे, आणि कोणी ती गाठ सोडून ठेवली आहे का.

तिला शिकवायची पद्धत मी त्यानंतर बदलली. रोज सकाळी एक चांगली फाइल घेऊन तिची नक्कल बिघडवतो आणि तिच्यापुढे ठेवतो. एका रेघेला झेडमध्ये ५०० ची उंची देऊन ठेवतो, मग दोन रेघा कोपऱ्यात जोडणारा शून्य त्रिज्येचा फिलेट मारला तरी कोपरा जुळत नाही आणि वरून बघताना कारण दिसत नाही. एका भिंतीवर तीच रेघ दुसऱ्यांदा टाकतो, म्हणजे एक हलते आणि एक मागे राहते. एखाद्या ब्लॉकचा इन्सर्शन पॉइंट चाळीस मीटर लांब नेऊन ठेवतो. एक माप फोडून सुटे तुकडे करतो. एक टाइप करतो. पहिल्या दिवशी तिला पाचातले तीन सापडले. दुहेरी रेघ तिला पाचव्या दिवसापर्यंत सापडली नाही. मग दुहेरी रेघा काढून टाकणारी ओव्हरकिल ही कमांड कळली आणि आता ती फाइल उघडताच ती चालवते, जे मला तितकंसं पसंत नाही, कारण आधी बघावं, मग साफ करावं.

ट्रिमवरून मात्र आमचं भांडण चालू आहे. तिच्या आयटीआयत जुनी आवृत्ती होती, तिथे आधी कापणारी रेघ निवडायची, एंटर, मग कापायची. २०२१ पासून ट्रिम डीफॉल्टने झटपट चालतो, सगळ्याच रेषा कापणाऱ्या धरतो. तिला जुनीच बरी वाटते, कारण तिथे काय कशाला कापणार हे आधी ठरवावं लागतं. मी झटपटवाला. या एका बाबतीत ती बरोबर असावी.

लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करायच्या, दिवशी मी तिला साईटवर घेऊन गेलो. मिस्त्रीने बाहेरून टेप धरला, दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "किती आलं, ताई?"

"पाच सहाशे पंच्याहत्तर."

त्याने चुन्याची रेघ मारली आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळला. परत येताना गाडीत तिने विचारलं, आठ वर्षांपूर्वीच्या फोल्डरमध्ये अजून किती फायली आहेत. मी म्हटलं, मोजल्या नाहीत. सोमवारपासून ती रोज जेवणानंतर त्यातली एक उघडते, टाइप केलेली मापं निवडते आणि संख्या वहीत लिहिते. आजपर्यंत सात फायली झाल्यात. चार फायलींत अक्षर माझं आहे.